थ्रीडी प्रिंटिंगचे डिझाइन नियम: नुसता आकडा लिहून ठेवला तर काय बिघडतं

थ्रीडी प्रिंटिंगसाठी पार्ट डिझाइन करायला बसलं की सुरुवातीलाच काही आकडे कानावर पडतात. ४५ अंशांपेक्षा जास्त कललं तर सपोर्ट (लटकत्या भागाखाली प्रिंट करून नंतर तोडायचा टेकू) लागेल, भिंत १ मिलिमीटरपेक्षा पातळ करू नका, भोक थोडं मोठं ठेवा, हलणाऱ्या दोन भागांत अर्धा मिलिमीटर फट ठेवा. लोकांना हे तोंडपाठ असतं, नव्या माणसाला तेच सांगितलं जातं, तो पुढच्याला सांगतो, आणि काही वर्षांनी कुठल्यातरी शेअर्ड फोल्डरमध्ये एक पीडीएफ तयार होते जिच्यात असे ढीगभर ठोकताळे एकाखाली एक लिहिलेले असतात. आता त्यातला कुठलाही एक उचला आणि विचारा, हा आकडा कुठल्या मशीनचा, कुठल्या मटेरियलचा, पार्ट कसा ठेवून प्रिंट केला होता, आणि मुळात हा आकडा आला कशामुळे? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. नियम पोत्याने आहेत, त्यांची कारणं आणि अटी मात्र वाटेत कुठेतरी गळून पडल्यात. म्हणून हे ज्ञान नीट मांडून ठेवायचं कसं, यावर जगभर बरंच काम चालू आहे, ते सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग म्हणजे थरावर थर चढवत पार्ट बनवणं. मिलिंग मशीनवर आपण ठोकळ्यातून नको ते काढून टाकतो, इथे उलट, हवं तिथेच मटेरियल टाकतो. अमेरिकन इंजिनियर चक हल यांनी १९८४ साली स्टिरिओलिथोग्राफीच्या, म्हणजे द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करायच्या पद्धतीच्या, पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८६ मध्ये ते मिळालं, म्हणजे उत्पादनाच्या इतिहासात बघितलं तर हे सगळं अगदी कालपरवाचं आहे. आयएसओ आणि एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थांनी मिळून ५२९०० नंबरचं एक मानक काढलंय, त्यात या सगळ्या पद्धती सात गटांत बसवल्यात. नोझलमधून वितळलेलं प्लास्टिक सोडणारी एक, पावडरच्या थरावर लेझर फिरवून ती वितळवणारी एक, द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करणारी एक, पावडरवर चिकटवायचं द्रव्य फवारणारी एक, आणि अजून तीन. सातही पाठ करायची गरज नाही. पण या सात प्रक्रियांचं भौतिकशास्त्र इतकं वेगवेगळं आहे की "थ्रीडी प्रिंटिंगचा नियम" असं काही सरसकट सांगताच येत नाही, सांगता येतो तो अमुक प्रक्रियेचा, अमुक मटेरियलचा नियम.

जुन्या पद्धतींचं ज्ञान इतकं विस्कळीत का नाही?

मोल्डिंग, कास्टिंग, मशिनिंग यांचं डिझाइनचं ज्ञान बऱ्यापैकी बसलेलं आहे. एकतर त्यांना वेळ भरपूर मिळाला, आणि दुसरं म्हणजे तिथली बरीच कारणं डोळ्यांना दिसतात. मोल्डमधून पार्ट सुटून यायला हवा म्हणून भिंतींना थोडा उतार द्यायचा, गोल फिरणाऱ्या कटरला आतला कोपरा काटकोनात कापता येत नाही म्हणून तिथे रेडियस ठेवायचा, हे एकदा बघितलं की कळतं. शिवाय ते ज्ञान कुणीतरी बसून पद्धतशीर मांडलं. उदाहरणार्थ बूथरॉइड आणि ड्यूहर्स्ट यांनी असेंब्लीसाठी डिझाइन कसं करायचं याची पद्धत रूढ केली, त्यात प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचारायचे असतात: हा शेजारच्या पार्टच्या तुलनेत हलतो का, याचं मटेरियल वेगळंच असायला हवं का, आणि हा वेगळा ठेवल्याशिवाय बाकीचं जोडता किंवा उघडता येणार नाही असं आहे का. तिन्हीचं उत्तर नाही आलं तर तो पार्ट शेजारच्यात मिसळून टाकायचा विचार करायचा. बघा, यात आकडा एकही नाही, फक्त कारण आहे, आणि म्हणूनच ही पद्धत आज थ्रीडी प्रिंटिंगलाही जशीच्या तशी लागू पडते, उलट जास्तच, कारण इथे मिसळून टाकणं सोपं असतं.

ॲडिटिव्हमध्ये अडचण अशी की मटेरियल आणि आकार एकाच वेळी तयार होतात. स्टीलचा बार विकत आणला तर त्याची ताकद सर्टिफिकेटवर लिहून येते, मग तुम्ही त्यातून काहीही कापा, आतलं धातू फारसं बदलत नाही. इथे मात्र लेझर ज्या क्षणी पावडर वितळवतो त्याच क्षणी ते धातू बनत असतं, त्यामुळे पार्ट उभा ठेवला की आडवा, थर किती जाडीचा, शेजारी अजून काय प्रिंट होत होतं, या सगळ्याचा परिणाम आकारावर होतो तसा ताकदीवरही होतो. नोझलवाल्या प्रिंटरवर हे सगळ्यात लवकर कळतं, थरांच्या दिशेने ओढलं तर पार्ट टिकतो आणि थर एकमेकांपासून सुटतील असं ओढलं तर बऱ्याच कमी जोरात तुटतो. म्हणजे डिझाइनरला डिझाइनपुरतं आणि मशीनवाल्याला मशीनपुरतं माहीत असून भागत नाही, आणि ज्ञान मांडून ठेवताना सुद्धा हे दोन कप्पे वेगळे करता येत नाहीत.

४५ अंशांचा नियम उघडून बघूया

सगळ्यात प्रसिद्ध नियम हाच आहे म्हणून हाच घेऊ. नोझलवाला प्रिंटर, नोझल ०.४ मिमीचं, त्यातून पडणारी प्लास्टिकची रेघ साधारण तेवढीच रुंद, आणि थर ०.२ मिमीचा. भिंत ४५ अंशांत कलती असेल तर प्रत्येक नवा थर खालच्यापेक्षा ०.२ मिमी बाहेर सरकतो, म्हणजे रेघेचा अर्धा भाग खालच्या रेघेवर टेकलेला आणि अर्धा हवेत. अर्धा टेकलेला असला की सहसा निभावतं. आता थर ०.१ मिमीचा करा, त्याच कोनात रेघ फक्त ०.१ मिमी बाहेर जाते, पाऊण रेघ टेकलेली. मग भिंत अजून कलती करून बघा, उभ्यापासून ६० अंश, तरी दर थराला बाहेर सरकणं होतं साधारण ०.१७ मिमी, म्हणजे अजूनही अर्ध्यापेक्षा जास्त रेघ टेकलेलीच आहे. आणि उलट थर ०.३ मिमीचा केला तर ४५ अंशांतच तीन चतुर्थांश रेघ हवेत जाते. तर मग नियम कुठला? खरा नियम आहे रेघेचा पुरेसा भाग खालच्या रेघेवर टेकलेला हवा आणि ती वेळेत गार व्हायला हवी. ४५ हा त्या नियमाचा एका विशिष्ट सेटिंगमधला निकाल आहे, पंखा कमीजास्त केला किंवा मटेरियल बदललं तर तोही हलतो.

आता धातूच्या पावडरवर लेझर चालवणाऱ्या मशीनकडे या. तिथेही लोक ४५ च सांगतात, पण कारण पार वेगळं. तिथे लटकत्या भागाच्या खाली न वितळलेली पावडर असते, आणि ती घट्ट धातूच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेते. त्यामुळे लेझरची उष्णता तिथेच साठते, वितळलेलं धातू खालच्या पावडरमध्ये उतरतं, आणि खालचा पृष्ठभाग खडबडीत, गाठीगाठींचा होतो. वर आणखी एक भानगड, वितळलेला थर गार होताना आकसतो आणि कडा वर ओढल्या जातात, खाली धरून ठेवायला काही नसलं तर कडा वर वळते, आणि पुढचा थर पसरवायला येणारं रिकोटरचं पातं तिच्यावर घासतं नाहीतर आदळतं. म्हणून धातूच्या प्रिंटिंगमध्ये सपोर्ट फक्त वजन उचलायला नसतो, तो पार्टला प्लेटवर, म्हणजे ज्या पाट्यावर प्रिंट होतो त्यावर, जखडून ठेवतो आणि उष्णता खाली पोचवतो.

आणि नायलॉनच्या पावडरवर चालणारं मशीन घेतलं तर हा नियमच गायब. तिथेही खाली पावडर आहेच, पण पूर्ण पावडर नायलॉनच्या वितळण्याच्या तापमानाच्या जेमतेम खाली गरम ठेवलेली असते, त्यामुळे एकदम गार होऊन आकसणं, कडा वळणं हा प्रकार फारसा होत नाही आणि आजूबाजूची पावडरच आधाराला पुरते. सपोर्ट लागत नाही. तिथे डिझाइनरला वेगळीच काळजी, पोकळ पार्ट बंद ठेवला तर आतली पावडर आतच अडकून बसते, म्हणून ती बाहेर काढायला भोकं ठेवावी लागतात.

म्हणजे एकच आकडा, एका ठिकाणी त्याचं कारण रेघेचा टेकू, दुसऱ्या ठिकाणी उष्णता, आणि तिसऱ्या ठिकाणी तो लागूच नाही. पीडीएफमध्ये मात्र "४५ अंश" एवढंच लिहिलेलं असतं. त्यात अजून एक मेख आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही, हा कोन मोजायचा कुठून? काही सॉफ्टवेअर उभ्या रेषेपासून मोजतात, धातूवाली बरीच मंडळी खालच्या प्लेटपासून मोजतात. ४५ ला दोन्हीकडून उत्तर एकच येतं म्हणून कुणाला काही खटकत नाही, पण ज्या दिवशी कुणीतरी "३० अंशांपर्यंत चालतं" असं लिहून ठेवतो त्या दिवशी निम्मे लोक ते बरोबर उलटं वाचतात.

कारण, तत्त्व आणि नियम

अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापांवर आणि मानकांवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या संशोधकांनी यावर एक चांगली मांडणी सुचवली आहे. त्यांनी डिझाइनच्या ज्ञानाचे तीन मजले केले. सगळ्यात वर मार्गदर्शन, म्हणजे "लटकता भाग टाळा" असा सर्वसाधारण सल्ला. मधे तत्त्व, म्हणजे तो सल्ला का आहे आणि कुठल्या कुठल्या गोष्टींवर अवलंबून आहे. आणि खाली नियम, म्हणजे ठरावीक मशीन, ठरावीक मटेरियल, ठरावीक सेटिंग धरून काढलेला नेमका आकडा. मला ही मांडणी पटते ती अशासाठी की मशीन बदललं की फक्त खालचा मजला पाडायचा असतो, वरचे दोन तसेच राहतात. बहुतेक पीडीएफमध्ये पहिला आणि तिसरा मजला असतो आणि मधला नसतो, त्यामुळे आकडा जुना झाला की नवा कसा काढायचा ते कुणालाच कळत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट, पावडर आणि लेझरच्या मशीनवर करायचाय, त्यात एक आडवं भोक आहे. आडव्या भोकाचा माथा म्हणजे लटकता भागच, कारण गोलाई वर वर जाईल तशी सपाट होत जाते. प्लेटशी ४५ अंशांपेक्षा कमी कोन करणारी, म्हणजे धोक्याची, कमान किती रुंद असते? भूमितीने काढलं तर व्यासाच्या साधारण ०.७ पट. भोक ६ मिमीचं असेल तर ४ मिमीच्या आसपास, आणि २० मिमीचं असेल तर १४ मिमी. म्हणजे कोन सगळ्या भोकांत तोच आहे, पण बिनआधाराची रुंदी व्यासाबरोबर वाढत जाते, म्हणून लहान भोकं माथा थोडा खरखरीत का होईना पण निभावून नेतात आणि मोठ्यांचा माथा खचतो. मोठ्यांसाठी मग भोकाचा वरचा भाग पाण्याच्या थेंबासारखा टोकदार करतात, किंवा पूर्ण भोक चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखं करतात. प्रत्येक नियमाचं एक कार्ड करायचं आणि हे त्यावर लिहायचं झालं तर मी असं लिहीन:

सल्ला: आडव्या भोकाचा माथा बिनआधाराचा राहतो, व्यास मोठा असेल तर आकार बदला.
तत्त्व: बिनआधाराची रुंदी व्यासाच्या ०.७ पट, त्यावर उष्णता साठते आणि माथा खाली उतरतो. थराची जाडी, खालच्या बाजूसाठीच्या लेझर सेटिंग आणि मटेरियल यांवर मर्यादा ठरते.
नियम: आमचं अमुक मशीन, ॲल्युमिनियम-सिलिकॉन-मॅग्नेशियमची अमुक पावडर, ३० मायक्रॉनचा थर, भोकाचा अक्ष प्लेटला समांतर; चाचणीत इतक्या व्यासापर्यंत गोल भोक चाललं, त्याच्यावर थेंबाचा आकार.
लागू नाही: भोक नंतर ड्रिल किंवा रीम (कापून अचूक मापाला आणणं) करणार असाल तर, तेव्हा ते लहान ठेवा किंवा बंदच ठेवा आणि मशिनिंगसाठी मटेरियल सोडा.
आधार: कुठल्या चाचणीतून आलं, किती नमुने, प्लेटवर कुठे ठेवले होते, कधी, कुणी मोजलं.

बऱ्याच ठिकाणी ६ ते ८ मिमीच्या आसपास ही सीमा सांगितली जाते, पण मी मुद्दाम आकडा रिकामा ठेवलाय, कारण तो तुमच्या मशीनवर मोजूनच भरायचा आहे. आणि त्या कार्डावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ कुठली असं मला विचाराल तर "लागू नाही" ही. नियम कुठे चालतो ते सगळे लिहितात, तो कुठे मोडायचा ते लिहायचा कंटाळा करतात, आणि मग पुढे मशिनिंग होणारच होतं अशा भोकाला सुद्धा कुणीतरी इमानेइतबारे थेंबाचा आकार देऊन ठेवतो, आणि ड्रिल तिरकं जातं.

नावं आणि कप्पे

कार्डं जमायला लागली की पुढचा प्रश्न, ती लावायची कशी. मशीनप्रमाणे? मटेरियलप्रमाणे? डिझाइनर तसं शोधत नाही, त्याच्यासमोर एक भिंत असते, एक भोक असतं, एक फट असते. म्हणून आकाराप्रमाणे लावणं जास्त कामाचं. जर्मनीत पाडेरबॉर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच केलं, त्यांनी पार्टचे तुकडे पाडले: मूळ घटक, जसं की भिंत, दांडा, भोक, मग दोन घटक जिथे जुळतात तो सांधा, आणि मग घटक एकत्र आले की होणारी रचना, जसं लटकता भाग. मग प्रत्येक घटकासाठी लेझरने नायलॉन, लेझरने धातू आणि नोझलने प्लास्टिक अशा वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चाचण्या घेऊन काय चालतं ते ठरवलं. यात फायदा असा की पार्ट कितीही नवा आणि विचित्र असला तरी तो याच मूळ घटकांचा बनलेला असतो.

नावांचा गोंधळ हा वेगळाच त्रास. धातूच्या पावडरवर लेझर चालवायच्या एकाच पद्धतीला कुणी एसएलएम म्हणतं, कुणी डीएमएलएस, कुणी एलपीबीएफ, कारण पहिली दोन नावं कंपन्यांनी आपापली लावलेली आहेत. डेटाबेसमध्ये तिन्ही नावांनी नोंदी गेल्या की शोधताना एक तृतीयांशच हाताला लागतात. म्हणून ५२९०० मानकातली नावं वापरायची आणि बाकीची "याला असंही म्हणतात" म्हणून जोडून ठेवायची. तसंच दिशेचं. "उभा प्रिंट केला" याचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो, म्हणून मशीनचे एक्स, वाय, झेड अक्ष आणि पार्ट कसा ठेवला ते लिहायची ठरलेली पद्धत मानकांमध्ये आहे, ती वापरली नाही तर ताकदीच्या चाचणीचा सगळा डेटा जवळजवळ निरुपयोगी होतो.

आता कॉम्प्युटरचा भाग. रिसर्च पेपरमध्ये ऑन्टॉलॉजी हा शब्द सारखा येतो आणि लोक दचकतात. साधी गोष्ट आहे, कुठल्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत हे कॉम्प्युटरला कळेल अशा पद्धतीने लिहून ठेवणं. आडवं भोक हा भोकाचा एक प्रकार, भोकाला व्यास असतो, हा नियम आडव्या भोकाला लागू, हा नियम अमुक चाचणीवर आधारलेला, ती चाचणी अमुक मशीनवर अमुक पावडर वापरून झाली. अशी साखळी असली की प्रश्न विचारता येतात. उदाहरणार्थ पावडरचा सप्लायर बदलला, आता कोणकोणते नियम परत तपासायचे? पीडीएफला हे विचारता येत नाही. साखळी असेल तर कॉम्प्युटर पावडरपासून चाचणीकडे आणि चाचणीपासून नियमांकडे जाऊन यादी काढून देतो. यासाठी ओडब्ल्यूएल नावाची भाषा आहे, स्टॅनफर्डमध्ये तयार झालेलं प्रोटेजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. पण खरं सांगायचं तर चार-पाच लोकांच्या टीमला आणि एकदोन मशीनना याची गरज नाही, विचार करून पाडलेले कॉलम असलेली साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक नियमाला नंबर, प्रत्येक चाचणीला नंबर, आणि नियमाच्या ओळीत चाचणीचा नंबर, एवढं केलं तरी वरचा प्रश्न फिल्टर लावून सोडवता येतो. बरेच लोक आधी सॉफ्टवेअर निवडतात आणि मग आत काय भरायचं ते शोधत बसतात.

काय करता येतं, हेही ज्ञानच

आत्तापर्यंत सगळं "हे करू नका" च्या बाजूचं झालं. पण या तंत्राची अर्धी मजा दुसऱ्या बाजूला आहे, जे पूर्वी बनवताच येत नव्हतं ते आता बनवता येतं: आतून जाळीदार पार्ट, मोल्डच्या आकाराप्रमाणे वळत जाणारे पाण्याचे मार्ग, अनेक तुकड्यांचा एकच तुकडा. जीई कंपनीचं विमानाच्या लीप इंजिनमधलं इंधनाचं नोझल टोक हे नेहमीचं उदाहरण, आधी साधारण २० तुकडे जोडून व्हायचं ते एकच प्रिंट केलेला तुकडा झालं, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे वजन २५ टक्क्यांनी कमी झालं. हे ४५ अंशांची पीडीएफ वाचून कुणाला सुचलं नसतं. कसरत अशी की ही दोन ज्ञानं डिझाइनच्या वेगवेगळ्या वेळी लागतात. काय शक्य आहे ते अगदी सुरुवातीला, कागद कोरा असताना हवं. काय चालणार नाही ते आकार ठरत असताना हवं. आणि सपोर्ट, प्लेटवरची जागा वगैरे शेवटी, फाइल मशीनला पाठवताना. सगळं एकाच डॉक्युमेंटमध्ये कोंबलं की सुरुवातीलाच मनाईची यादी समोर येते आणि माणूस जुन्याच आकाराचा पार्ट थोडा बदलून प्रिंट करतो.

मधल्या टप्प्यासाठी पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी एक कागदाचं वर्कशीट बनवलं होतं, ते मला खूप आवडतं. त्यात आकाराची गुंतागुंत, काम कसलं आहे, सपोर्ट निघतील का, लटकते भाग, पातळ भाग, ताण कुठे एकवटतो, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि सपाट पृष्ठभाग किती आहेत, अशा मोजक्या बाबींवर आपल्या पार्टला स्वतःच गुण द्यायचे असतात. ना सॉफ्टवेअर ना लॉगिन, मशीनला पाठवायच्या आधी पेन घेऊन भरायचं. नवख्या माणसाच्या हातात शंभर नियम देण्यापेक्षा असा कागद कितीतरी बरा.

फाइलमध्ये ज्ञान हरवतं

हा मुद्दा कमी बोलला जातो म्हणून थोडं थांबतो. अजूनही बरेच पार्ट एसटीएल फाइलमधून जातात, आणि हा फॉरमॅट १९८७ चा आहे. त्यात फक्त त्रिकोण असतात. मिलिमीटर की इंच हे नसतं, मटेरियल नसतं, टॉलरन्स नसतो, आणि हे भोक आहे हे सुद्धा नसतं, त्रिकोणांची एक वळलेली पट्टी असते. म्हणजे डिझाइनरने विचार करून भोकाला थेंबाचा आकार दिला, पण पुढच्या माणसाला फक्त एक वाकडं भोक दिसतं, त्याला वाटतं चूक झालीये, तो ते गोल "दुरुस्त" करतो, आणि प्रिंट झाल्यावर माथा खचलेला. कारण लिहिलंच नव्हतं. २०१५ मध्ये आलेला थ्रीएमएफ फॉरमॅट याबाबतीत बराच बरा, त्यात एकक, रंग, मटेरियल ही माहिती बरोबर जाते. पण "हे असं का केलं" हे कुठलाच फॉरमॅट आपोआप लिहीत नाही. कॅड मॉडेलमध्ये त्या फीचरच्या नावातच नियमाचा नंबर टाकायची सवय लावली तर हा घोटाळा बऱ्यापैकी टळतो. फीचरचं नाव "कट-१७" ऐवजी "आडवं भोक, थेंब, नियम २३" असं असलं की पुढचा माणूस हात लावायच्या आधी २३ नंबर उघडून बघतो.

बिघडलेल्या प्रिंटची नोंद

ज्ञानाचा सगळ्यात मोठा साठा बिघडलेल्या पार्टमध्ये असतो आणि तोच सगळ्यात आधी भंगारात जातो. प्रिंट फसला, सेटिंग बदलली, परत लावला, झाला, पुढचं काम. काय बदललं ते ऑपरेटरच्या डोक्यात. आणि ऑपरेटरच्या डोक्यात बरंच काही असतं, रिकोटर कुठल्या आवाजात घासला की काळजी करायची, पातळ भिंत पात्याला समांतर ठेवली की का पडते आणि थोडी तिरकी ठेवली की का तरते. त्याला "तुमचं ज्ञान लिहून द्या" म्हटलं तर काहीच येणार नाही. त्याऐवजी फसलेला पार्ट समोर ठेवून विचारा, दुसऱ्यांदा काय वेगळं केलंत? मग माणूस बोलायला लागतो. नोंद करताना एक शिस्त पाळायची, काय दिसलं आणि काय वाटतं हे वेगळं लिहायचं. "कडा ४० व्या मिलिमीटरला वर आली" हे दिसलं. "सपोर्ट कमी पडला" हा अंदाज. अंदाज लिहाच, पण अंदाज म्हणूनच लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तो नियम म्हणून फिरायला लागतो.

तसंच, एकदा चांगलं आलं म्हणून नियम होत नाही. प्लेटच्या मधे चांगला आलेला पार्ट कोपऱ्यात बिघडू शकतो, कारण लेझर तिथे तिरका पडतो आणि पावडरवरून वाहणारा गॅसही सगळीकडे सारखा नसतो. म्हणून चाचणीचे तुकडे मधे आणि कोपऱ्यांत दोन्हीकडे ठेवायचे. मशीन किती बारीक आणि किती अचूक करू शकतं हे मोजायला कुठले ठरावीक आकार प्रिंट करायचे याचंही आयएसओ-एएसटीएमचं मानक आहे, ५२९०२. ते वापरलं तर तुमचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी निदान ताडून तरी बघता येतात.

नियम म्हातारे होतात हेही धरून चालायला हवं. नव्या लेझर सेटिंग आणि वेगळ्या रिकोटरच्या जोरावर काही धातूच्या मशीनवर आता ४५ पेक्षा बऱ्याच सपाट भिंतीसुद्धा बिनसपोर्ट निघतात. जुना नियम तसाच राहिला तर तो कुणाचं नुकसान करताना दिसत नाही, पण विनाकारण सपोर्ट लागत राहतात, ते तोडायला माणसाचा वेळ जात राहतो, आणि कुणी विचारत नाही. म्हणून कार्डावर तारखेबरोबर "काय बदललं तर परत तपासायचं" हे लिहायचं: पावडर, थराची जाडी, सॉफ्टवेअरची मोठी अपडेट, मशीनची दुरुस्ती.

सुरुवात करायची असेल तर एक मशीन, एक मटेरियल आणि रोज लागणारे पाच-सहा आकार एवढंच घ्या: भिंत, आडवं भोक, उभं भोक, फट, लटकता भाग, पातळ दांडा. जुन्या पीडीएफमधले आकडे फेकायचे नाहीत, ते "ऐकीव" असा शिक्का मारून कार्डावर चढवायचे आणि एकेक करून चाचणीने एकतर पक्के करायचे किंवा खोडायचे. पुढच्या वेळी प्लेटवर थोडी मोकळी जागा उरली की तिथे चाचणीचे दोन तुकडे लावून द्या, पार्टबरोबर तेही प्रिंट होतील. मोजून झाल्यावर कार्ड त्याच दिवशी भरा, कारण प्लेट धुऊन पुढचं काम लागलं की तो तुकडा कुठल्या कोपऱ्यातला होता हे कुणालाच सांगता येत नाही.